बसमध्ये की बसवर? इंग्रजीतले इन, ऑन, ॲट आणि आपले प्रत्यय

साखळीचा मास्तर

मंडळी, मी साखळीला आठवी ते दहावीच्या मुलांचे इंग्रजीचे वर्ग घेतो. बहुतेक मुलं मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. काळ जमतात, पॅसिव्ह व्हॉइस रडतखडत का होईना जमतो. प्रिपोझिशनपाशी आलं की मात्र सगळ्यांचं घोडं अडतं.

पुस्तकात तीन ओळींत नियम उरकलाय: ठरावीक ठिकाण दाखवायचं तर ॲट, पृष्ठभाग असेल तर ऑन, चारी बाजूंनी वेढलेलं असेल तर इन. दोन दिवस बरं चाललं. मग एका मुलीने विचारलं, सर, बसला छप्पर आहे, खिडक्या आहेत, दार आहे, तरी 'ऑन द बस' कसं? आणि कारला मात्र 'इन द कार'? तिच्या मागचा म्हणाला, पक्षी 'इन द ट्री' आणि आंबा 'ऑन द ट्री', दोघं एकाच फांदीवर असले तरी?

माझं निदान असं: मुलं मनात मराठी वाक्य जुळवतात, त्यातला प्रत्यय उचलतात आणि त्याच्या जागी एकच ठरलेला इंग्रजी शब्द बसवतात. 'त' दिसला की इन, 'वर' दिसलं की ऑन, 'ला' दिसला की टु. 'ही इज अँग्री ऑन मी' तिथूनच येतं. मग नियमांच्या फंदात न पडता सरळ पाठांतर करून घ्यावं का? शिक्षक नसलात तरी लिहा. तुम्ही कुठे अडता तेही सांगा.

फोंड्याची माई

मास्तर, आधी बसमध्ये शिरायला मिळतं का ते विचारा त्या मुलीला. सकाळच्या फोंडा-पणजी गाडीला दारात जो लटकलेला असतो तो 'ऑन द बस'च असतो. इंग्रजांनी आपली गर्दी बघूनच ठरवलं असणार.

वास्को डा गप्पा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. व्याकरणाचा धागा शंभरी गाठल्याशिवाय थांबत नाही.

चोडणची फेरी

माईंचा विनोद बाजूला ठेवून सांगतो. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं, त्याला ऑन: बस, ट्रेन, जहाज, विमान. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं, त्याला इन: कार, टॅक्सी, रिक्षा, होडकं. ज्यावर टांग टाकून बसायचं, त्याला परत ऑन: सायकल, मोटारसायकल, घोडा. शंभर टक्के नाही, पण नव्वद टक्के कामं भागतात.

मी रोज रायबंदरहून चोडणला जातो. गाडी फेरीबोटीवर चढवली आणि आत एसी लावून बसलो, की मी 'इन माय कार' आणि 'ऑन द फेरी' असा एकाच वेळी दोन्हीकडे असतो. तुमच्या वर्गाला एकदा रायबंदरच्या धक्क्यावर न्या, फळा लागणार नाही.

आणि एक. साधन म्हणून सांगायचं असेल तर बाय, पण मग मध्ये माय, द, अ काही येत नाही. 'बाय फेरी', 'बाय कार'. 'बाय माय कार' म्हटलं की चुकलं, तिथे 'इन माय कार'. पायी जायचं तर 'ऑन फूट'.

पेडण्याचा पिंटू

बाय बद्दल चाललंय होय? आमच्या घरी दोन आहेत, एक तिसरीत, एक बालवाडीत. दोघींनाही कुठलाच नियम लागू होत नाही.

फोंड्याची माई

@चोडणची फेरी, मग आपल्या पायलटला, मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याला, काय म्हणायचं? पणजी बसस्टँडवर एका पाहुण्याला मी 'यू कॅन गो बाय पायलट' सांगितलं तर तो आकाशाकडे बघायला लागला.

चोडणची फेरी

माई, 'बाय मोटरसायकल टॅक्सी' म्हणा. 'ऑन अ पायलट' तेवढं म्हणू नका, तो माणसाच्या पाठीवर चढायचा.

साखळीचा मास्तर

फेरीचं उदाहरण उचललं. पण झाडाचं काय? आंबा आणि पक्षी?

वाचनालयवाली

झाड म्हणजे फक्त फांदी नाही, पानांचा सगळा पसारा. पक्षी त्या पसाऱ्याच्या आत असतो, म्हणून इन. आंबा झाडाला लागलेला असतो, देठाने चिकटलेला, म्हणून ऑन. तसंच बातमी 'इन द न्यूजपेपर' पण 'ऑन पेज फाइव्ह'. पान म्हणजे पृष्ठभाग, पेपर म्हणजे सगळा गठ्ठा. खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची असेल तर 'इन द कॉर्नर', रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान असेल तर 'ॲट' किंवा 'ऑन द कॉर्नर', कारण खोलीचा कोपरा आतून बघतो आणि रस्त्याचा बाहेरून.

म्हणजे इंग्रजीला तर्क नाही असं नाही. वस्तूकडे ती कशी बघते ते कळलं पाहिजे. वेढलेली, टेकलेली, की नुसतं नकाशावरचं एक टिंब? 'ॲट द मार्केट' म्हटलं की मी म्हापशाच्या बाजाराला आहे एवढंच सांगतेय. 'इन द मार्केट' म्हटलं की मी चोरिस म्हणजे गोंयचे सॉसेज विकणाऱ्यांच्या रांगेत घुसलेय.

आणि आपण काय कमी आहोत? मी 'घरी' जाते पण 'दुकानी' जात नाही, 'दुकानात' जाते. 'सोमवारी', पण 'जूनमध्ये'. 'रात्री', पण 'पाच वाजता'. माझ्या शेजारी एक पंजाबी बाई मराठी शिकताहेत, त्यांनी याचं कारण विचारलं तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले. गंमत बघा, घराला इंग्रजीतही सूट आहे. 'गो टु स्कूल', 'गो टु ऑफिस', पण 'गो होम'. टु नाही. 'गो टु होम' आपली मुलं सर्रास लिहितात, त्यांना 'घरी' आठवून द्या.

पेडण्याचा पिंटू

'घरी'वालं भारी. +१

आल्तिनचे आजोबा

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. गोवा मुक्तीच्या वेळी मी पोर्तुगीज शाळेत होतो. प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिकचा पहिला टप्पा, झाला होता, सेगुंदची, म्हणजे दुसऱ्याची, तयारी चालली होती, तोवर १९ डिसेंबर १९६१ उजाडला आणि पुढलं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. घरी मराठी, वाड्यावर कोंकणी, शाळेत आधी पोर्तुगीज मग इंग्रजी. तुमची मुलं एका भाषेतून दुसरीत उडी मारतात, आम्ही तिसरीतून चौथीत मारत होतो.

पोर्तुगीजमध्ये इन, ऑन, ॲट या तिघांचं काम बहुतेक वेळा एकटा 'एं' करतो. टेबलावर, घरात, स्टेशनला, सगळीकडे तोच. फक्त पुढच्या आर्टिकलशी त्याचा संधी होतो, त्याचा 'नु' नाहीतर 'ना' होतो. 'एं गोवा', 'एं लिस्बोआ', पण 'नु पोर्तु' आणि 'ना इंदिया', कारण काही गावांना, देशांना आर्टिकल लागतं, काहींना नाही. त्यामुळे इंग्रजीचे मास्तर 'इन की ऑन' विचारायचे तेव्हा आम्हाला प्रश्नच कळायचा नाही.

दुसरी गोष्ट. पोर्तुगीजमध्ये लग्न 'काझार कों', म्हणजे अमक्याबरोबर लग्न. मराठीत 'तिच्याशी लग्न'. दोन्हीकडून एकच ओढ, त्यामुळे माझ्या पिढीतला गोंयकार 'ही इज मॅरिड विथ हर' असंच म्हणणार. इंग्रजीत 'टु'. स्वप्नदेखील पोर्तुगीजमध्ये 'कों', कुणाबरोबर तरी पडतं. विचार 'एं', कशात तरी करायचा. अवलंबून राहणं 'द', कशापासून तरी. इंग्रजीत पाहा: 'ड्रीम ऑव्ह' किंवा 'ड्रीम अबाउट', 'थिंक ऑव्ह', 'डिपेंड ऑन'. क्रियापद तेच, जोडीदार दर भाषेत वेगळा.

तेव्हा मास्तर, जागा आणि वेळ यांना नियम आहे, तो शिकवाच. पण क्रियापदाला आणि विशेषणाला जो शब्द चिकटून येतो, त्याला नियम शोधू नका. आम्ही वहीत 'मॅरिड' कधी एकटं लिहीत नव्हतो, 'मॅरिड टु' असं एकच पद लिहायचो. 'अफ्रेड ऑव्ह', 'गुड ॲट', 'वेट फॉर'. पाठांतर करायचंच असेल तर या जोड्यांचं.

वाचनालयवाली

आजोबा, _/\_. असे प्रतिसाद मिळतात म्हणून इथे येते.

कळंगुट नाइट शिफ्ट

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे. इन-ऑनने कुणाचं काही बिघडत नाही हो. पाहुणा 'इन द बीच' म्हणालेला ऐकला तरी मी त्याला किनाराच दाखवतो. खरा घोळ दुसरीकडे आहे, आणि तो आपल्या एका 'पर्यंत'ने घातलाय.

नवीन आलेल्या मुलाने एका पाहुण्याला मेल टाकला: 'युअर रूम विल बी रेडी टिल टू पीएम.' त्याला म्हणायचं होतं, दोन वाजेपर्यंत खोली तयार होईल. पाहुण्याने वाचलं, खोली दोन वाजेपर्यंतच मिळेल. त्याचं उत्तर आलं, 'अँड आफ्टर टू, व्हेअर डू वी स्लीप?' मॅनेजरने तो मेल छापून स्टाफरूममध्ये लावला.

मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च. 'शुक्रवारपर्यंत पैसे भर' आणि 'शुक्रवारपर्यंत मी इथे आहे'. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल किंवा अन्टिल. मी नवीन पोरांना एक युक्ती देतो. वाक्याच्या शेवटी मनात 'होऊन जाईल' लावून बघा, बसलं तर बाय. 'चालू राहील' बसलं तर टिल. खोली दोनपर्यंत तयार *होऊन जाईल*: बाय टू. नाश्ता दहापर्यंत *चालू राहील*: टिल टेन. चेक-आउट अकरापर्यंत होऊन गेलं पाहिजे: बाय इलेव्हन. आजवर ही युक्ती फसलेली नाही.

दुसरा घोळ 'इन टू आवर्स'. पाहुण्याने विचारलं टॅक्सी कधी, आपला ड्रायव्हर म्हणतो 'इन टू आवर्स', आणि त्याच्या मनात असतं दोन तासांत, म्हणजे कधीही, कदाचित पाऊण तासानेही. पाहुण्याला ऐकू येतं दोन तासांनी. तो आरामात पोहायला जातो. टॅक्सी लवकर येते, हॉर्न वाजवते, भांडण. भविष्यात काही घडणार असेल तर इंग्रजीचा 'इन' म्हणजे आपला 'नी'. आपल्या 'च्या आत'साठी 'विदिन'. मात्र 'ही फिनिश्ड इट इन टू आवर्स' म्हटलं की तो 'इन' आपला 'त', एवढ्या वेळात संपवलं. इथे काम किती वेळ चाललं ते सांगतोय, तिथे केव्हा घडेल ते.

फोंड्याची माई

'होऊन जाईल, चालू राहील' हे फ्रिजवर चिकटवलं.

वास्को डा गप्पा

आता काडी टाकतो. इतका कीस कशाला? समोरच्याला समजलं की झालं. आमच्या ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे 'डिस्कस अबाउट' म्हणतात आणि कंपनी चालू आहे. 'रिटर्न बॅक', 'ऑर्डर फॉर चिकन', 'एम्फसाइज ऑन' हे सगळं आता भारतीय इंग्रजी झालं. अमेरिकनांनी 'ऑन द वीकएंड' केलं, इंग्रजांचं 'ॲट द वीकएंड'. त्यांनी केलं तर बोली, आपण केलं तर चूक?

वाचनालयवाली

@वास्को डा गप्पा, बोलताना मीही सोडून देते. पण 'डिस्कस अबाउट' आणि 'रेडी टिल टू' एका मापाने मोजू नका. पहिल्यात एक शब्द जास्तीचा आहे, अर्थ शाबूत. दुसऱ्यात अर्थच उलटा झाला. मास्तरांनी लाल पेन कुठे वापरायचं ते यावरून ठरवावं. आणि परीक्षेत 'डिस्कस अबाउट'चेही मार्क जातातच, तेव्हा दहावीच्या पोरांना तुमचा बंडखोरपणा परवडणारा नाही.

वास्को डा गप्पा

मार्कांपुढे शहाणपण चालत नाही, मान्य. पण वीकएंडचं उत्तर दिलं नाहीत.

वाचनालयवाली

दोन्ही बरोबर. कुठल्या देशातल्या माणसाला लिहिताय ते बघा. आजारी माणूस इंग्लंडात 'इन हॉस्पिटल', अमेरिकेत 'इन द हॉस्पिटल'. पण एकाच पत्रात दोन्ही देशांची सफर करू नका.

काळा कोट

हॉटेलवाल्यांच्या 'पर्यंत'वरून आठवलं. आमच्या धंद्यात या चिमुकल्या शब्दांवर मुदती हुकतात. 'फ्रॉम' म्हटलं की तो दिवस धरायचा की सोडायचा? १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमात याची सोय केलेली आहे. केंद्रीय कायद्यात दिवसांच्या मालिकेतला पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' एवढा शब्द पुरतो, आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टु'. खुद्द कायद्याला दोन प्रिपोझिशन्सचा अर्थ लिहून ठेवावा लागला, यावर काय ते समजा. खाजगी करारात मी 'टिल ३१ मार्च' कधीच लिहीत नाही, 'ऑन ऑर बिफोर' लिहितो. भाडेकरू आणि भाटकार (जागेचा मालक) दोघंही शांत.

आणि शाळेत घोकलेला तो बिट्वीन-अमंगचा नियम, दोघांत बिट्वीन आणि तिघांपासून पुढे अमंग, तो अर्धाच खरा आहे. म्हादई नदीच्या पाण्याचा तंटा गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिघांमधला, तरी 'बिट्वीन' म्हटलं तर चूक नाही, कारण पक्ष वेगवेगळे आणि नाव घेऊन मोजलेले आहेत. गर्दीत, घोळक्यात, नावं न घेता म्हणायचं तर अमंग. 'अमंग द टूरिस्ट्स'.

पेडण्याचा पिंटू

वकीलसाहेब, या सल्ल्याची फी 'बाय' कधी की 'टिल' कधी?

काळा कोट

'इन ॲडव्हान्स'.

कुंकळ्ळीकर

आमचे एक सर होते, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की पट्टी. 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर' लिहिलं की तळहात लाल. हा नियम खरा आहे का हो?

वाचनालयवाली

नाही. १६७२ मध्ये कवी ड्रायडनने बेन जॉन्सनच्या एका ओळीवर बोट ठेवलं, शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणून. स्वतःच्या आधीच्या लेखनातली तसली वाक्यंसुद्धा पुढे त्याने फिरवून घेतली. लॅटिनमध्ये असं करता येत नाही, आणि लॅटिन म्हणजे त्या काळी विद्वत्तेचं माप. १७६२ मध्ये बिशप लाउथने आपल्या व्याकरणात लिहिलं की ही लकब बोलण्यात चालते, गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी घेतलेलं बरं. पण आपल्या भाषेचा कल या लकबीकडे आहे हे सांगणारं त्याचं वाक्यच 'टु'ने संपतं! १९२६ मध्ये कोशकार फाउलरने याला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढलं. तुमच्या सरांपर्यंत तो निकाल पोचला नसावा. 'फॉर व्हॉट आर यू वेटिंग' असं कुणी बसस्टँडवर विचारलं तर लोक त्याच्याकडे वळून बघतील.

कुंकळ्ळीकर

मग त्या पट्ट्यांचं व्याज कुणाकडून वसूल करायचं?

नीज गोंयकार

हे सगळं मुळातच चुकीच्या जागी चाललंय. प्राथमिक मातृभाषेत झालं की पाचवीत पोरं बुजतात, इंग्रजीतून केलं की घरची भाषा जाते. सरकारने आधी माध्यमाचं

चोडणची फेरी

अरे देवा. आला माध्यमाचा विषय.

संपादक

माध्यमाच्या वादासाठी वेगळा धागा आहे आणि तो आम्ही कुलूप लावून ठेवला आहे. इथे प्रिपोझिशनवरच बोलावं. नीज गोंयकार यांचा पुढचा मजकूर काढला आहे.

आल्तिनचे आजोबा

संपादकांनी बरं केलं. माध्यम बाजूला ठेवून एक सांगतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही आपल्यासारख्या विभक्ती होत्या, नामाला शेपट्या लागायच्या. काळाच्या ओघात त्या झिजल्या. मग कोण मारणारा आणि कोण खाणारा ते सांगायला शब्दांचा क्रम पक्का झाला आणि उरलेलं काम या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. म्हणून एकेकाच्या माथ्यावर दहा-दहा कामं आहेत.

फोंड्याची माई

म्हणजे विभक्ती गेल्या आणि इंग्रज विभक्त झाले.

वाचनालयवाली

माई!! सर्वनामांत त्या शेपट्यांचा अवशेष आहे बरं का. 'टु ही' नाही, 'टु हिम'. आपलं सामान्यरूपच ते, 'घोडा' पण 'घोड्यावर', 'तो' पण 'त्याला'. म्हणून 'बिट्वीन यू अँड आय' चूक, 'बिट्वीन यू अँड मी' बरोबर. ही चूक मात्र आपली खास नाही, साहेब लोकही करतात. लहानपणी 'यू अँड मी' म्हटल्यावर ओरडा खाल्लेला असतो, मग भीतीने सगळीकडे 'आय'.

कळंगुट नाइट शिफ्ट

मेलमधलं आणखी एक. 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू'. गोव्यातून दररोज हजारभर जात असतील. इथला 'टु' क्रियापदाचा नाही, प्रिपोझिशन आहे, म्हणून 'मीटिंग यू'. पटत नसेल तर पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु चवथ.' बसलं ना? नाम बसलं की क्रियापदाला आयएनजी लावायचं. 'यूज्ड टु'लाही तेच. 'आय ॲम यूज्ड टु द नाइट शिफ्ट', म्हणून 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट'. तीन वाजता हे लिहितोय, पुरावा सोबत जोडला आहे.

कुंकळ्ळीकर

'आय यूज्ड टु वर्क' मग?

कळंगुट नाइट शिफ्ट

तिथे 'ॲम' नाही. ते 'पूर्वी करायचो', हे 'सवय आहे'. पूर्वी करायचो म्हणायचा दिवस कधी येतो बघूया.

चोडणची फेरी

टर्न ऑन, गिव्ह अप वगैरेंचा समाचार कुणी घेतला नाही. 'शी टर्न्ड ऑन द फॅन' आणि 'द डॉग टर्न्ड ऑन हिम'. पहिल्यात पंखा लावला, दुसऱ्यात कुत्रा अंगावर आला. दिसायला ऑन तोच, पण पंख्याचा ऑन क्रियापदाचा आहे, कुत्र्याचा ऑन नामाचा. नामाच्या जागी 'इट' किंवा 'हिम' घालून हलवून बघा: 'टर्न्ड इट ऑन' होतं, 'टर्न्ड हिम ऑन' म्हणाल तर भलताच अर्थ होईल, वर्गात म्हणू नका.

पेडण्याचा पिंटू

मास्तर, हे वर्गात नक्की म्हणा.

साखळीचा मास्तर

पिंटू, नोकरी घालवशील माझी.

सगळ्यांचे आभार. आजोबांचा मुद्दा पटला. जागा आणि वेळ यांचे नियम शिकवतो, क्रियापदांच्या जोड्या पाठ करून घेतो. दोन्हीची गल्लत करत होतो तिथेच वर्ग अडत होता. वेळेसाठी इथलीच उदाहरणं घेतोय: गोवा 'इन १९६१' मुक्त झाला, 'इन डिसेंबर', 'ऑन १९ डिसेंबर'. घटकराज्य झाला 'ऑन ३० मे १९८७', आणि 'सिन्स १९८७' राज्य आहे. 'इन द मॉर्निंग', पण दिवस चिकटला की 'ऑन द मॉर्निंग ऑव्ह १९ डिसेंबर', कारण तारखेपुढे इनचं चालत नाही.

जोड्यांसाठी मराठी प्रत्ययाप्रमाणे तक्ता करतोय. पहिलं पान 'वर'चं. 'अवलंबून' असेल तर ऑन, जुळतं. 'राग' असेल तर विथ. 'विश्वास' असेल तर बिलीव्ह इन. 'प्रेम' असेल तर काहीच नाही, नुसतं 'आय लव्ह यू'. त्या पानावर वर्ग फार हसला आणि कुणी विसरणार नाही असं दिसतं. 'शी'चं पान आज करतो: लग्न टु, सहमत विथ, भांडण विथ. आणखी कुणाकडे अशा फसव्या जोड्या असतील तर टाका.

काळा कोट

'पेक्षा'चं पान विसरू नका. 'पेक्षा' दिसला की मुलं दॅन लिहितात. 'प्रिफर टी टु कॉफी', 'सीनियर टु मी', 'सुपीरियर टु', या सगळ्यांना टु. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही लॅटिनमधून आलेली मंडळी, त्यांना दॅन चालत नाही.

वाचनालयवाली

'ला'चं पान: 'कुत्र्याला घाबरतो', अफ्रेड ऑव्ह. 'पणजीला पोचलो', रीच्ड पणजी, मध्ये काही नाही. पण अराइव्ह वापरलं तर गावाला इन आणि स्टेशनला ॲट. 'पुढच्या सोमवारी'ला ऑन नको, नुसतं 'नेक्स्ट मंडे'. 'पासून'चंही एक पान लागेल: '१९८७पासून'ला सिन्स, 'तीन वर्षांपासून'ला फॉर.

कुंकळ्ळीकर

'डिफरंट'ला काय? फ्रॉम, टु, दॅन, तिन्ही ऐकलंय.

आल्तिनचे आजोबा

फ्रॉम लिहा, कुठल्याच देशात कुणी चूक काढणार नाही. टु बहुतेक इंग्रजांचा, दॅन बहुतेक अमेरिकनांचा.

वास्को डा गप्पा

आजोबा, आणि गोंयकारांचा?

आल्तिनचे आजोबा

गोंयकार 'डिफरंट' एवढंच म्हणतो आणि पुढचं हाताने दाखवतो.